बांबूच्या धनुष्याची आणि बाणांची जुळवणी

बांबूच्या धनुष्यावर फिरवण्याजोगा एकही स्क्रू नसतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ज्या कम्पाउंड, म्हणजे भुजांच्या टोकांना चाके असलेल्या यांत्रिक, धनुष्यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, त्या धनुष्यांवर बाणाचा आधार, नेमाची चौकट, भुजांचा ताण अशी जवळजवळ प्रत्येक गोष्ट अ‍ॅलन कीने हवी तेवढी सरकवता येते. देशी धनुष्यांच्या ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारात ३० आणि ५० मीटरवर मारा करणाऱ्या मुलामुलींच्या हाती जे साधे धनुष्य असते, त्यात ही सोय नाही. तेथे दोरीची लांबी, दोरीवर बाण लावण्याची जागा आणि स्वतः बाण एवढ्याच गोष्टी बदलता येतात, आणि त्यांपैकी पहिल्या दोन एकदा ठरल्या की सहसा पुन्हा हलवाव्या लागत नाहीत. उरतो तो बाण. म्हणून पारंपरिक धनुष्याची जुळवणी ही बहुतांशी बाणाची जुळवणी असते, आणि जो तिरंदाज मिळतील ते बाण घेऊन केवळ सरावाच्या बळावर अचूकता वाढवू पाहतो, त्याचे बरेचसे श्रम बाणाबाणांतील फरक हाताने भरून काढण्यात खर्ची पडतात. हे धनुष्य केवळ शिकाऊंसाठी आहे हा समजही सोडून द्यायला हवा. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेल्या राजस्थानच्या लिंबाराम यांचा हात बांबूच्याच धनुष्यावर बसलेला होता.

येथे सांगितलेल्या डाव्या-उजव्या दिशा उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्या तिरंदाजासाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट वाचाव्यात. अंगठ्यात अंगुस्तान (दोरी अडकवायची कडी) घालून दोरी ओढण्याच्या पद्धतीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो, त्यामुळे तेथेही दिशा उलटतात. सातपुड्यातील भिल्ल तिरंदाज अंगठा बाजूला ठेवून तर्जनी आणि मधल्या बोटाने दोरी ओढतात, त्या पद्धतीला मात्र येथील दिशा लागू पडतात.

क्रम पाळणे अत्यावश्यक आहे: प्रथम धनुष्याची तपासणी, मग दोरीची उंची, मग बाण लावण्याची जागा आणि शेवटी बाण. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असल्यामुळे बाण जुळवून झाल्यावर दोरीची उंची बदलली, तर बाणांचे काम पुन्हा करावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी.

धनुष्याची तपासणी

दोरी चढवण्यापूर्वी दोन्ही भुजांच्या (मैदानावर ज्यांना लिम्ब म्हणतात त्यांच्या) कडांवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतात तेथे धस निघालेली असते, आणि बांबूत धस ही पुढच्या चिरेची पहिली खूण असते. धस पाठीकडच्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडे तोंड करून असलेल्या सालीच्या अंगाला, निघाली असेल तर ते धनुष्य वापरू नये, कारण ओढताना सगळा ताण त्या बाजूच्या तंतूंवर येतो. बांबूतले सर्वांत दाट तंतू सालीखालीच असतात, म्हणून साल कधीही तासू नये. तासणी करायची ती पोटाकडच्या बाजूनेच. बारीक भोके किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर कीड लागलेली आहे असे समजावे. मानवेलासारखा भरीव बांबूही या किडीपासून सुटत नाही.

दोरी चढवल्यानंतर दोन्ही भुजा सारख्या वाकतात का, ते पाहावे. मुठीच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून सारख्या अंतरावर प्रत्येक भुजेवर पेन्सिलीने खूण करावी आणि त्या खुणांपासून दोरीपर्यंतचे अंतर गुण्याने मोजावे. या दोन अंतरांतील फरकाला टिलर म्हणतात. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली अशा पकडीत वरचे अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावे, कारण हाताचा दाब मुठीच्या मध्याखाली येत असल्याने खालची भुजा किंचित कडक असावी लागते. तिन्ही बोटे बाणाखाली ठेवणाऱ्यांसाठी दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी चालतात. फरक याहून बराच जास्त असेल, किंवा खालचे अंतर वरच्यापेक्षा मोठे असेल, तर कडक राहिलेली भुजा पोटाकडून काचेच्या तुकड्याने अगदी थोडी खरवडावी, मग धनुष्य वीसेक वेळा अर्धे ओढून, दोरी न सोडता सावकाश परत आणावे आणि पुन्हा मोजावे. ओढलेली रिकामी दोरी कधीही सुटू देऊ नये, कारण बाणाकडे जाणारी सगळी शक्ती अशा वेळी भुजांतच जिरते आणि धनुष्य तुटते. खरवडकाम ज्याने कधी केलेले नाही त्याने ते जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे, कारण काढलेला बांबू परत लावता येत नाही.

त्यानंतर धनुष्याचा जोर मोजायचा. दुकानदाराने सांगितलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीसाठी असतो आणि आपली ओढ क्वचितच नेमकी तेवढी असते. हलक्या धनुष्यावर लांब बाण लावून नेहमीप्रमाणे ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढावे आणि धनुष्याच्या पाठीपाशी बाणावर खूण दुसऱ्या कोणाकडून करवून घ्यावी. बाणाच्या मागच्या टोकाला दोरीवर बसणारी जी खाच असते, तिच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर ही आपली ओढ. आता आपले धनुष्य स्प्रिंगच्या काट्याला दोरीने अडकवून तेवढेच खेचावे आणि काट्यावरचा आकडा टिपावा. आकडा किलोत असेल तर १ किलो म्हणजे २.२ पाउंड या हिशेबाने बदलून घ्यावा, कारण बाणांचे सगळे हिशेब पाउंडांत चालतात. अशा धनुष्यात एक इंच ओढ कमी-जास्त झाली की जोर साधारण दोन ते तीन पाउंडांनी बदलतो. त्यामुळे ४० पाउंड म्हणून घेतलेले धनुष्य २६ इंच ओढणाऱ्या मुलीच्या हातात ३५ पाउंडांचेच असते, आणि तिचे बाण त्या ३५ पाउंडांना जुळवायचे असतात.

दोरी आणि तिची उंची

दोरी डेक्रॉनसारख्या थोड्या ताणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची असावी. आधुनिक धनुष्यांवरचे न ताणले जाणारे धागे बांबूच्या टोकांना धक्का देतात आणि खाचा फाडतात. चढवलेली दोरी आणि मुठीचा सर्वांत खोल भाग यांतील अंतराला ब्रेस हाइट म्हणतात. आपल्याकडील सरळ धनुष्यांसाठी ते साधारण १५ ते १८ सेंटिमीटर असते. पट्टी जवळ नसेल तर मूठ धनुष्याच्या पोटावर टेकवून अंगठा ताठ उभा करावा. दोरी अंगठ्याच्या टोकाजवळ आली की सुरुवातीपुरते पुरे.

सुरुवात कमी उंचीवर करावी. दोरी काढून तिला काही पीळ जास्त दिले की ती आखूड होते आणि उंची वाढते. दर खेपेस सुमारे ३ मिलिमीटर वाढवून पाच-सहा बाण मारावेत आणि कान देऊन ऐकावे. उंची फार कमी असली तर दोरी मनगटावर आपटते आणि धनुष्याचा आवाज खडखडीत येतो. उंची वाढत गेली की एका टप्प्यावर आवाज दबका होतो आणि मुठीत जाणवणारा कंप कमी होतो. तीच आपली उंची. त्यापुढे वाढवत गेल्यास बाणाला ढकलण्याचे अंतर घटते आणि वेग कमी होतो. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत लांबत जाते, म्हणून तिच्यावर अंतिम मापे ठरवू नयेत. मेण चोळून, काही सत्रे वापरून मग मोजावे. त्यानंतर दर सत्रापूर्वी उंची तपासणे हे तिरंदाजाचे रोजचे काम असावे. सातपुड्यातील ज्या धनुष्यांना बांबूच्या कामटीची दोरी असते, तेथे पीळ देण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे टोकाच्या फासाची लांबी बदलून हेच काम करावे लागते.

बाण लावण्याची जागा

साध्या बांबूच्या धनुष्याला बाण टेकवायला बहुधा कोनाडा नसतो आणि बाण मुठीच्या तर्जनीच्या सांध्यावर टेकतो. याचा अर्थ असा की हात पाच मिलिमीटर वर-खाली झाला तर बाणाचा आधारही तेवढाच हलतो, आणि मग दोरीवरची जागा कितीही काटेकोर ठरवली तरी उपयोग होत नाही. म्हणून आधी हाताची जागा बांधून घ्यावी. मुठीवर सुती दोरा गुंडाळताना तर्जनीच्या वरच्या कडेला दोन-तीन जादा वेढे देऊन उंचवटा करावा, म्हणजे हात दर वेळी त्या उंचवट्याखाली जाऊन बसेल. बाण घासतो त्या जागी, धनुष्याच्या डाव्या कडेला, पातळ कातड्याचा तुकडा चिकटवावा. हा तुकडा पुढे बाण जुळवतानाही कामाला येईल.

आता गुण्याची एक कड दोरीला लावून दुसरी बाणाच्या आधारापर्यंत आणावी आणि त्या काटकोनी रेषेच्या वर १२ ते १५ मिलिमीटरवर दोरीला सुती दोऱ्याची घट्ट गाठ बांधावी. बाणाची खाच या गाठीच्या खाली बसवायची. मुद्दाम थोडी वर सुरुवात करण्यामागे कारण आहे. गाठ फार खाली असेल तर बाणाचे शेपूट आधारावर आपटून वर उडते, आणि मग पाहणाऱ्याला गाठ वर असल्यासारखी चुकीची खूण दिसते. वरून खाली येत गेले तर हा घोळ होत नाही. गाठीला लगेच गोंद लावू नये, कारण नेमकी जागा पिसांशिवायच्या बाणाने ठरवायची आहे.

बाण धनुष्याला कसा वळसा घालतो

बाण धनुष्याच्या मध्यावर नसून एका बाजूला असतो, आणि तरीही तो मध्यावर रोखलेल्या लक्ष्याकडे जातो. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग यांच्यासारख्या अमेरिकी अभ्यासकांनी अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने या प्रश्नाचा उलगडा केला. दोरी बोटांवरून सुटताना किंचित बाजूला घसरते आणि मागून बसणाऱ्या जोराच्या धक्क्याने बाण धनुकलीसारखा वाकतो, मग उलट्या दिशेने वाकतो, आणि असा वळवळत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघून जातो. वाकण्याची ही लय अशी हवी की शेपूट मुठीपाशी येईल त्या क्षणी ते मुठीपासून दूर झुकलेले असेल. बाण जास्त कडक असला तर तो पुरेसा वाकत नाही, मुठीवर घासतो आणि डावीकडे जातो. जास्त लवचीक असला तर गरजेपेक्षा अधिक वाकून उजवीकडे जातो.

या कडकपणाला स्पाइन म्हणतात आणि तो घरी मोजता येतो. लाकडी बाणांच्या जुन्या पद्धतीत दांडी २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर, अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्यभागी दोन पाउंड, म्हणजे ९०७ ग्रॅम, वजन टांगतात आणि दांडी किती खाली झुकते ते पाहतात. फळीवर दोन खिळे ठोकावेत, बाटलीत पाणी भरून बाटली, पाणी आणि आकडा यांचे एकूण वजन ९०७ ग्रॅम करून घ्यावे, आणि वजन टांगण्यापूर्वी व टांगल्यानंतर दांडीच्या मध्याची उंची स्टीलच्या पट्टीने टिपावी. ६६० या संख्येला मिलिमीटरांतील झुकावाने भागले की स्पाइन पाउंडांत मिळतो: १६.५ मिलिमीटर झुकाव म्हणजे ४० पाउंड, १९ मिलिमीटर म्हणजे सुमारे ३५, २२ मिलिमीटर म्हणजे ३०. कार्बनच्या बाणांवर ५००, ६०० असे जे आकडे छापलेले असतात ते वेगळ्या पद्धतीचे आहेत (२८ इंच अंतर आणि ८८० ग्रॅम वजन) आणि त्यांत आकडा वाढला की बाण लवचीक होतो, म्हणून दोन्ही मापांची गल्लत करू नये.

रुंद मुठीच्या बांबूच्या धनुष्यात बाणाला मोठा वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे धनुष्याचा आपल्या ओढीवरचा जोर जितके पाउंड असेल त्याहून पाच ते दहा पाउंड कमी स्पाइनचा बाण ही चांगली सुरुवात असते. ४० पाउंड जोरासाठी ३० ते ३५ पाउंडांच्या दांड्या निवडाव्यात. बाण लांब असेल किंवा टोक जड असेल तर तो अधिक लवचीक वागतो. आखूड बाण किंवा हलके टोक असेल तर अधिक कडक वागतो. या दोन गोष्टी आपल्या हातात असल्यामुळे दांड्या सुरुवातीला ओढीपेक्षा किमान पाच सेंटिमीटर लांब ठेवाव्यात.

दांड्या निवडणे आणि सारख्या करणे

या टप्प्याला घाई करू नये. बारापैकी चार बाण जर स्पाइनमध्ये दहा पाउंडांनी वेगळे असतील तर कोणतीही जुळवणी त्यांना एका जागी आणू शकत नाही. एका संचातील बाणांचा स्पाइन पाच पाउंडांच्या आत आणि वजन १० ग्रेनच्या, म्हणजे साधारण ०.६ ग्रॅमच्या, आत असावे. एक दशांश ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरेसा आहे. एकूण वजनाचीही खालची मर्यादा पाळावी: धनुष्याच्या दर पाउंडामागे ९ ते १० ग्रेन, म्हणजे ४० पाउंडांसाठी २३ ते २६ ग्रॅम. याहून हलका बाण वेगाने जातो हे खरे, पण तो धनुष्याची शक्ती पुरेशी उचलत नाही आणि उरलेली भुजांवर येते.

लाकडी दांडीत वार्षिक वाढीच्या रेषा दिसतात. खाच या रेषांना आडवी कापावी, म्हणजे दोरीच्या दाबाने दांडी रेषेवरून चिरत नाही आणि दांडीची कडक बाजू धनुष्याकडे येते. बांबूच्या दांडीत अशा रेषा नसतात, पण तिचीही एक बाजू कडक असते. दांडी खिळ्यांवर ठेवून फिरवत तीन-चार बाजूंनी झुकाव मोजावा, सर्वांत कमी झुकावाच्या बाजूवर खूण करावी आणि ती बाजू धनुष्याकडे येईल अशी खाच कापावी. संचातल्या प्रत्येक बाणात हा एकसारखेपणा राखणे हे मला स्पाइनच्या नेमक्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

वाकड्या दांड्या निखाऱ्यावर सरळ करता येतात. पेराजवळचा वाक निखाऱ्यापासून काही अंतरावर फिरवत तापवावा, हाताला चटका बसेल इतका गरम झाला की कापडाने धरून उलट दिशेला किंचित जास्त वाकवावा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवावा. तांबूस डाग पडू लागला तर उष्णता जास्त झाली आहे. मग दांडी नखांवर फिरवून पाहावी. थरथर जाणवत असेल तर वाक अजून शिल्लक आहे.

खाच दोरीवर हलकेच अडकावी आणि धनुष्य आडवे धरून दोरीवर बोटाने टिचकी मारली की बाण सुटून खाली पडावा. घट्ट खाच बाणाला सुटताना मागे खेचते आणि प्रत्येक बाण वेगळा वागतो. सैल खाच ओढताना दोरीवरून निसटते आणि रिकामी दोरी सुटण्याचा धोका निर्माण करते.

पिसे तीन, सुमारे १० सेंटिमीटर लांबीची आणि सगळी एकाच पंखाची असावीत. डाव्या आणि उजव्या पंखांची मिसळ झाली तर बाणाची फिरत निघून जायची वृत्ती बिघडते. टर्की किंवा बदकाची पिसे वापरावीत. गिधाड, घार, गरुड यांच्या पिसांच्या मागे लागू नये, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांना संरक्षण आहे आणि धनुष्यबाणाने वन्य प्राण्यांची शिकार करणे हाही गुन्हा आहे. वेगळ्या रंगाचे पीस धनुष्यापासून दूर, बाहेरच्या बाजूस येईल असे लावावे.

पिसांशिवायचा बाण

पिसे बाणाच्या चुका झाकतात, म्हणून खरी परीक्षा पिसांशिवायच्या बाणाची, म्हणजे बेअर शाफ्टची असते. एकसारख्या पाच दांड्यांपैकी तीन पिसांसह आणि दोन पिसांशिवाय तयार कराव्यात. पिसांशिवायच्या दांड्यांवर पिसांच्या जागी त्यांच्याच वजनाची टेप गुंडाळावी, नाहीतर मागचा भार घटल्याने त्या वेगळ्या वागतात. लक्ष्य मऊ असावे, कारण तिरप्या घुसणाऱ्या उघड्या लाकडी दांड्या कडक लक्ष्यात मोडतात, आणि लक्ष्याच्या मागे व बाजूला कोणीही उभे राहू नये.

दहा मीटरपासून सुरुवात करावी. पाचही बाण एकाच ठिकाणी नेम धरून मारावेत आणि दोन्ही गटांचे मध्य कोठे पडले एवढेच पाहावे. लक्ष्यात घुसलेल्या बाणाचे शेपूट कोणत्या बाजूला झुकले आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण लक्ष्याच्या दाटपणानुसार ते फसवते. उभ्या दिशेतील फरक आधी सोडवावा. पिसांशिवायचे बाण पिसांच्या बाणांपेक्षा खाली पडत असतील तर दोरीवरची गाठ वर आहे, ती एक-दोन मिलिमीटर खाली घ्यावी. ते वर पडत असतील तर गाठ वर घ्यावी. दोन्ही गट एका उंचीवर आल्यावर गाठीला गोंद लावून ती पक्की करावी आणि मगच डाव्या-उजव्या फरकाकडे वळावे.

पिसांशिवायचे बाण उजवीकडे पडत असतील तर बाण लवचीक आहेत. मुद्दाम लांब ठेवलेल्या दांड्यांत सुरुवातीला असेच दिसेल, आणि ते चांगले लक्षण आहे, कारण लवचीक बाण कापून कडक करता येतो. प्रत्येक वेळी पुढच्या बाजूने सुमारे ६ मिलिमीटर कापून टोक पुन्हा बसवावे आणि पुन्हा मारावे. पूर्ण ओढीवर बाण धनुष्याच्या पुढे किमान अडीच सेंटिमीटर राहिलाच पाहिजे. त्यापुढे कापणे धोक्याचे आहे, कारण आत आलेले टोक हातात घुसू शकते. या मर्यादेपर्यंत येऊनही बाण लवचीक राहिले तर हलके टोक लावावे किंवा मुठीवरच्या कातड्याची जाडी वाढवावी, ज्यामुळे बाण धनुष्यापासून थोडा दूर जाऊन कडक वागतो.

ते डावीकडे पडत असतील तर बाण कडक आहेत. १०० ग्रेनच्या (साडेसहा ग्रॅमच्या) टोकाऐवजी १२५ ग्रेनचे (आठ ग्रॅमचे) लावावे, किंवा टोकामागे तांब्याच्या बारीक तारेचे वेढे देऊन वजन वाढवावे. कातड्याचा तुकडा जाड असेल तर पातळ करावा. लाकडी दांडीला मधल्या भागात पॉलिश पेपरने घासूनही लवचीकपणा आणता येतो, परंतु भरीव दांडीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो, त्यामुळे पावणेनऊ मिलिमीटरच्या दांडीवरून एक दशांश मिलिमीटर गेला तरी कडकपणा चार-पाच टक्क्यांनी घटतो. चार-पाच फेऱ्या घासून लगेच मोजावे. बांबूच्या दांडीची साल मात्र घासू नये. तेथे लांबी आणि टोकाचे वजन यांवरच भागवावे.

या सगळ्याला एक अट आहे. दोरी सोडताना बोटे बाजूला उडत असतील, किंवा थकव्यामुळे ओढ इंचभर कमी पडत असेल, तर पिसांशिवायचा बाण डावीकडे जाऊन कडक असल्याचा भास देतो. पिसांचे तीन बाण जर दहा मीटरवर तळहाताएवढ्या जागेत पडत नसतील तर जुळवणी बाजूला ठेवून आधी सोडण्याचा सराव करावा. दहा मीटरवर दोन्ही गट एकत्र आले की १५ आणि मग २० मीटरवर तीच परीक्षा घ्यावी. तेथे बाणांचे अंतर बोटा-दोन बोटांचे राहिले तर समाधान मानावे.

शेवटी बाणाचा तोल पाहावा. बाण बोटावर तोलून खाचेच्या तळापासून तोलाच्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे, त्यातून निम्मी लांबी वजा करावी आणि उरलेल्याला एकूण लांबीने भागावे. ७४ सेंटिमीटरच्या बाणाचा तोल ४५.५ सेंटिमीटरवर येत असेल तर तो मध्याच्या साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा टक्के, पुढे आहे. १० ते १५ टक्के हा पल्ला ३० ते ५० मीटरसाठी योग्य आहे.

यानंतर सगळ्या बाणांना पिसे लावून त्यांवर क्रमांक घालावेत. ३० मीटरवर अनेक फेऱ्या मारून प्रत्येक क्रमांकाचा बाण कोठे पडतो ते कागदावर टिपावे. एकच बाण सतत गटाबाहेर पडत असेल तर आधी त्याची खाच, मग सरळपणा आणि पिसे तपासावीत. तरीही तो सुधारला नाही तर त्याला सरावाच्या जवळच्या लक्ष्यापुरता ठेवावा.

बांबू हवेतला ओलावा घेतो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात धनुष्याचा जोर उतरतो आणि उन्हाळ्यात जुळवलेले बाण जुलैमध्ये कडक असल्यासारखे डावीकडे जाऊ लागतात. अशा वेळी बाण कापू किंवा घासू नयेत. वापर नसताना दोरी उतरवून धनुष्य आडवे, हवेशीर जागी ठेवावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि थंडीत असा दोनदा स्प्रिंगच्या काट्यावर जोर मोजावा, आणि दोन-तीन पाउंडांचा फरक आढळला तर त्या मोसमापुरती १२५ ग्रेनची टोके बसवून पिसांशिवायच्या बाणाने पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी. त्यासाठी जुळवणीच्या वेळचे दोन पिसांशिवायचे बाण जपून ठेवावेत आणि त्यांची लांबी, वजन व स्पाइन वहीत लिहून ठेवावा. नवा बाण करताना तोच नमुना असतो.